काकांची सव्वीस वर्षांची बदली

काका जिवंत आहेत की मेलेत, यावर आमच्या स्टुडिओत एकदा अडीच तास बैठक झाली. बैठकीला चार माणसं होती, दोन भाषा होत्या आणि चहा तीनदा आला. उठताना प्रत्येक जण बसताना होता त्याहून जास्त गोंधळलेला होता. त्या चौघांतला एक मी. तेव्हापासून डोकं ताळ्यावर आणायचा प्रयत्न करतोय, म्हणून हे लिहायला घेतलं. लिहायला घेतलं म्हणजे मला सगळं कळलंय, असं मात्र समजू नका.

हे काका माझे नव्हेत. 'नवव्या ताऱ्यापलीकडे' नावाची एक परदेशी मालिका आहे. एक अंतराळयान, त्यात एक कप्तान, एक डॉक्टरीण, एक म्हातारा यंत्रज्ञ आणि दर आठवड्याला एक नवं संकट. मायदेशात ती तीस वर्षं चालू आहे. आमच्याकडे ती संध्याकाळी सहा वाजता आमच्या भाषेत बोलते, आणि तिला आमच्या भाषेत बोलतं करणारी बाई म्हणजे ओठताई. मी तिथला रेकॉर्डिस्ट. काचेच्या अलीकडे बसून आवाज पकडायचे आणि काचेपलीकडच्यांना 'पुन्हा एकदा' म्हणायचं, एवढंच माझं काम. ते मी इतकी वर्षं केलंय की घरीही कोणी काही सांगितलं की तोंडातून 'पुन्हा एकदा' निघतं. बायको उचकते.

ओठताई हे नाव तिला मीच दिलं. पडद्यावरचा परदेशी माणूस तोंड उघडतो कधी, मिटतो कधी, हे ती बघते आणि नेमक्या तितक्याच जागेत आमच्या भाषेतलं वाक्य बसवते. तिची खोली व्हरांड्याच्या टोकाला, झाडू-बादल्यांच्या खोलीला लागून. आत एक छोटा पडदा, पायाने दाबायचं एक बटण आणि रेघा आखलेल्या कागदांची चळत. ओठ उघडे दिसले की ती गोल काढते, मिटले की आडवी रेघ. माणूस पाठमोरा असला की 'पा.' लिहून पुढे लिहिते 'मोकळं'. मोकळं म्हणजे तिथे ओठ दिसत नाहीत, वाटेल ते बसवा. चार माणसांत बसली तरी तिची नजर बोलणाऱ्याच्या डोळ्यांवर नसते, ओठांवर असते. नव्या माणसाला वाटतं, आपल्या तोंडाला काही लागलंय की काय. तो बिचारा रुमाल काढतो.

मालिका आमच्याकडे आली तेव्हा ती जशीच्या तशी दाखवणं शक्यच नव्हतं. तिकडे ती मोठ्या माणसांसाठी होती. आमच्या वाहिनीने तिला सहाची वेळ दिली, म्हणजे मांडीवर नातवंडं आणि शेजारी सासू. तिकडे सगळे कप्तानाला नावाने हाक मारत, आणि म्हातारा यंत्रज्ञ तर त्याच्यावर खेकसायचा. पहिला भाग बघून आमचे साहेब, म्हणजे वाहिनीचे व्यवस्थापक, म्हणाले, "हा म्हातारा कप्तानाला असं का बोलतो? नोकर ना त्याचा?" ओठताई म्हणाली, "काका आहे त्याचा." साहेब म्हणाले, "असं होय? मग ठीक आहे."

झालं. त्या एका वाक्याने म्हातारा काका झाला. खेकसणं शोभायला लागलं आणि कप्तानाने ते ऐकून घेणंही शोभायला लागलं. बाकीचे देश काय करत होते ते मला पुढे कळलं. एका देशात म्हणे डॉक्टरीण कप्तानाची बहीण होती, आणि दुसऱ्या एकात कप्तान ग्लासातून पितो ते दर भागात औषध असायचं. सव्वीस वर्षं औषध! इतकं औषध घेणाऱ्याच्या हाती यान कसं देतात, असं तिथे कोणी विचारलं नाही वाटतं.

काकांचा आवाज द्यायला आम्ही भूमितीचे मास्तर आणले. शाळेत मुलांना वर्तुळं शिकवून त्यांचा आवाज असा खरबरीत झाला होता की आम्हाला काही करावंच लागलं नाही. तीन मोसम काकांनी गाजवले. रस्त्यात बायका एकमेकींना काकांची वाक्यं ऐकवत.

आणि चौथ्या मोसमाच्या पहिल्या भागात काका नव्हते.

दुसऱ्यातही नव्हते. ओठताई फितींच्या डब्यांवरचे क्रमांक तपासायला लागली तेव्हा कळलं की तिसऱ्या मोसमाचे शेवटचे चार भाग वाहिनीने घेतलेलेच नाहीत. वर्षाच्या वेळापत्रकात बावीस जागा होत्या, म्हणून बावीस भाग घेतले. साहेब म्हणाले, "चार भागांत असं काय मोठं घडणार आहे?"

तिने परदेशी मुख्यालयाला पत्र लिहिलं की यंत्रज्ञ कुठे आहे. भाग आठवड्यावर आला होता आणि उत्तर आलं अकरा आठवड्यांनी. वरातीमागून घोडं, आणि घोडंही कसलं! पत्रात एकच ओळ होती, "सदर कलाकार आता मालिकेत काम करत नाहीत." यावरून माणूस मेला, पळाला की नोकरी सोडून गेला, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

पण ओठताई अकरा आठवडे हातावर हात ठेवून बसली नव्हती. तिने आपले कागद काढले. चौथ्या मोसमात कप्तान दर भागाच्या शेवटी एकटाच यंत्रासमोर बसून दिवसाची नोंद बोलायचा. कॅमेऱ्याकडे पाठ. कागदावर 'पा., मोकळं'. शिवाय मध्येमध्ये यान बाहेरून दिसायचं, तिथे तर ओठांचा प्रश्नच नाही. तिने काय केलं? नोंदीचं संभाषण करून टाकलं. काकांची दूरच्या तळावर बदली झाली, आणि कप्तान रोज त्यांच्याशी बोलतो.

"बदलीच कशावरून?" मी विचारलं होतं.

"मग काय? दिसत नाही म्हणजे लांब कामाला गेलेत. परत येतील," ती म्हणाली, आणि मान खाली घालून लिहायला लागली.

लांबचा आवाज कसा काढायचा हा माझा प्रश्न. बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. मास्तरांनी त्यात तोंड घालून बोलून बघितलं, आणि बरोबर कुठल्या तरी ताऱ्याच्या पाठीमागून आल्यासारखा आवाज निघाला. पुढे त्यासाठी यंत्रं आली, संगणक आले, पण डबा हलला नाही. मास्तर निवृत्त झाले, आजोबा झाले, तरी दर बुधवारी दुपारी येऊन डब्यात तोंड घालायचे.

काकांनी त्या तळावर काय काय केलं! काचेखाली बटाटे लावले. एका पंपाच्या वायसरसाठी पुरवठा खात्याशी नऊ वर्षं पत्रव्यवहार केला. गुडघेदुखी जडवून घेतली. एक लंगडं यंत्र पाळलं. बासरी शिकायला घेतली आणि कप्तानाने हात जोडल्यावर सोडली. मायदेशात मोठ्यांनी ही मालिका सोडून ती केव्हाच पोरासोरांची झाली होती. आमच्याकडे लोक शेवटची दोन मिनिटं बघण्यासाठी आधीची चाळीस सहन करत.

आता तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांत तिला खरं कळलंच नाही? हाच प्रश्न मला छळतो. कप्तानाच्या खोलीत काकांचा फोटो लागला. ती म्हणाली, "लांब असलेल्या माणसाचा फोटो लावतातच." आठव्या मोसमात कप्तानाने फोटोपुढे फूल ठेवलं. ती म्हणाली, "वाढदिवस असेल." पुढे प्रेक्षकांची पत्रं यायला लागली, की आम्ही परदेशात बघितलंय, काका मेलेत. ती म्हणायची, "ही कार्टी अफवा सोडतात," आणि पत्र फाडून टाकायची. मी ते तुकडे टोपलीत टाकायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. काका मेले, तर तिच्या खोलीत रोज सकाळी, वाक्य कागदावर उतरण्याआधी, काकांच्या सुरात कोण बोलत होतं, हे मला कोणाला विचारायचं नव्हतं.

तिच्या घरी मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. दोन खोल्या, जिना चढून दुसरं दार. ती आणि तिची आई. आईचं वय चौऱ्याऐंशी, जीभ मात्र विशीतली. त्या घरात कडीवरून कायम भांडण चाललेलं असायचं. आई दुपारी आडवी व्हायच्या आधी दाराला कडी लावायची, आणि ओठताई उठून ती काढायची.

"बघितलंस?" आई मला सांगायची. "मी लावते, ही काढते. लहानपणापासूनची खोड."

"कोणी आलं तर तुला उठावं लागेल," ओठताई म्हणायची.

"कोण येणार आहे मेलं? हा येतो, तो तर लाथ मारूनही येईल."

मी हसायचो. घरोघरी मातीच्या चुली, आमच्याकडे पंख्यावरून भांडण, यांच्याकडे कडीवरून. त्यापलीकडे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

मग मुख्यालयाला जाग आली. पुढचा मोसम सगळ्या देशांत एकाच दिवशी, एकाच वेळी दाखवायचा असं ठरलं. त्यासाठी त्यांनी देशोदेशी माणूस पाठवायला सुरुवात केली. आमच्या वाट्याला आलेला गृहस्थ दर वाक्यात 'एकसमान' म्हणायचा, म्हणून मी त्याला एकसमानराव म्हणतो. त्याच्याकडे साडेतीनशे पानांचं नियमांचं पुस्तक होतं. सगळीकडे कथा एकसमान, नाती एकसमान, आणि मेलेले सगळीकडे मेलेले.

हीच ती बैठक. साहेब, एकसमानराव, ओठताई आणि मी. एकसमानरावांना आमची भाषा येत नाही, साहेबांना त्यांची येत नाही. दुभाषी कोण? ओठताई. म्हणजे आरोपीलाच आरोप वाचून दाखवायला बसवलं.

एकसमानराव काहीतरी बोलले. ओठताई साहेबांकडे वळली. "ते विचारतायत, तिसऱ्या मोसमाच्या सव्विसाव्या भागात जळत्या इंजिनघराचं दार आतून लावून घेऊन मेलेला यंत्रज्ञ तुमच्याकडे बटाटे कसे लावतो?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "मेलेला? कोण मेलेला? हे कोणी लिहिलं?"

ओठताईने ते वाक्य एकसमानरावांना त्यांच्या भाषेत ऐकवलं. ते म्हणाले, तेच मी विचारतोय. तिने तेही साहेबांना सांगितलं, "तेच मी विचारतोय, असं म्हणतायत." मग दोघं तिच्याकडे बघत बसले आणि ती आळीपाळीने दोघांच्या ओठांकडे. सबंध बैठकीत तिने एका शब्दाचाही फेरफार केला नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच.

शेवटी ठरलं ते असं. नव्या मोसमाच्या पहिल्याच भागात यान त्या जागी परत जातं आणि काकांचं मरण पुन्हा दाखवलं जातं. अख्खा मोसम त्यावर उभा आहे, त्यामुळे ते गाळता येणार नाही. ओठताईने ते जसंच्या तसं लिहायचं. नाहीतर काम दुसऱ्याकडे जाईल.

बाहेर व्हरांड्यात ती मला म्हणाली, "मग मी इतकी वर्षं कोणाशी बोलत होते रे?"

मी म्हटलं, "पुन्हा एकदा?" सवय.

तिने आठ दिवस कागदाला हात लावला नाही. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसे त्याच आठवड्यात पाहुणे आले. पाहुणे म्हणजे खुद्द तो यंत्रज्ञ झालेला नट. वय एकोणऐंशी. मुख्यालयाने जाहिरातीसाठी त्याला देशोदेशी फिरवायचं काढलं होतं. मायदेशात त्याला कोणी ओळखत नव्हतं. गेली सव्वीस वर्षं तो जत्रेसारख्या मेळाव्यांत एका टेबलामागे बसून स्वतःच्या मरणाच्या फोटोवर सह्या करत होता.

आमच्याकडे तो विमानतळावरून बाहेर पडला आणि एका टॅक्सीवाल्याने ब्रेक दाबून ओरडून विचारलं, "काका! आलात? गुडघे काय म्हणतायत?"

पाहुण्यांनी ओठताईकडे बघितलं. तिने सांगितलं, "तुमचे गुडघे कसे आहेत, असं विचारतोय." पाहुणे गोंधळून म्हणाले, "दुखतात. पण याला कसं माहीत?"

दिवसभर हेच. फळवाली बटाट्यांची चौकशी करते, हॉटेलातला लिफ्टवाला म्हणतो पंपाचं वायसर मिळालं का. पाहुणे तोंड उघडायचे तर आतून बारीक, परका आवाज यायचा, आणि समोरचा माणूस दचकायचा. एक बाई तर रडायला लागली, "काकांचा घसा बसलाय हो!" मग आम्ही मास्तरांना बोलावून घेतलं. पाहुणे तोंड हलवायचे, मास्तर मागे उभे राहून बोलायचे. दोघं एकमेकांना बघून आधी घाबरले, मग हातात हात घालून फिरायला लागले. चेहरा एकाकडे, आवाज दुसऱ्याकडे, आणि गुडघे दोघांचेही गेलेले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे ओठताईच्या खोलीत येऊन बसले. म्हणाले, "मला सांगा, मी इतकी वर्षं काय केलं?"

तिने कपाटातले कागदांचे गठ्ठे काढले आणि सांगायला बसली. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष. मी दारात उभा होतो. मला परकी भाषा येत नाही, पण कुठे बटाटे चाललेत आणि कुठे बासरी, हे पाहुण्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. बासरीला ते एवढे हसले की ठसका लागला. अकराव्या वर्षाला त्यांनी चष्मा काढला. चार तास ती सांगत होती आणि चार तास तो म्हातारा आपलं न जगलेलं आयुष्य ऐकत होता. शेवटी त्यांनी तिचा हात धरून काहीतरी म्हटलं. मी नंतर विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "म्हणाले, तिकडे मला मारलंय. इथे तरी राहू द्या."

"मग?"

"मग काय मग? मुख्यालय म्हणतं मारा, हे म्हणतात नका मारू. मला दोन्ही खरं वाटतं. तू सांग."

मी काय कप्पाळ सांगणार? मी म्हटलं, आईला विचार.

म्हणजे माझ्याच तोंडून ते गेलं. पुढचं सगळं त्यावरून झालं, त्याचं पाप म्हणा की पुण्य म्हणा, माझ्या खाती.

ती पाहुण्यांना घरी चहाला घेऊन गेली. मास्तर आणि मीही होतो. दार ढकललं तर आई खुर्चीत ताठ बसलेली. तिने पाहुण्यांना पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं. बसा म्हणाली नाही, की चहाचं विचारलं नाही. म्हणाली, "यांना विचार, तुम्ही मेला होतात का?"

"आई, काहीतरीच काय!"

"विचार म्हणते ना."

ओठताईने विचारलं. पाहुण्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग आईकडे. राहू द्या म्हणणारा माणूस तो, पण म्हातारीच्या डोळ्यांत बघून त्याला खोटं बोलता येईना. त्याने मान हलवली. हो.

"कधी?"

"सव्वीस वर्षांपूर्वी."

आईने पदर सारखा केला. मग मुलीला म्हणाली, "तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा बाबा जहाजावर गेले. बोट बुडाली. कंपनी चार वर्षं पत्रं पाठवत होती, चौकशी चालू आहे, चौकशी चालू आहे. चार वर्षं मी दाराला कडी लावली नाही. बाहेर पावलं वाजली की उठायचे. मग एक दिवस पत्र आलं, माणूस गेला म्हणून. रडले, कडी लावली आणि झोपले. चार वर्षांत पहिल्यांदा झोपले गं मी. सकाळी बघते तर तू कडी काढलेली."

ओठताई पाहुण्यांसाठी भाषांतर करेना.

"मी चार वर्षं वाट बघितली तर अर्धी झाले," आई म्हणाली. "तू एवढ्या लोकांना सव्वीस वर्षं बसवलंस होय?"

मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मास्तर खाली बघत होते. पाहुण्यांना एक शब्द कळला नव्हता, पण त्यांनी ओठताईच्या बाहीला हात लावला आणि हळूच विचारलं. तिने सांगितलं. अगदी थोडक्यात सांगितलं असावं, कारण लगेच संपलं. ते उठले, आईसमोर वाकून उभे राहिले आणि ओठताईला एकच शब्द बोलले. तो मला न सांगता कळला. लिहा.

तिने तीन दिवसांत भाग लिहिला. मरणाचा प्रसंग ओठाला ओठ जुळवून, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. जळतं इंजिनघर, आत काका, बाहेर कप्तान. काका ओरडतात, "दार लाव!" कप्तान लावत नाही. मग काका स्वतःच आतून लावून घेतात. पाहुण्यांचा सव्वीस वर्षांपूर्वीचा चेहरा पडद्यावर आणि मास्तरांचा आजचा आवाज. पहिल्याच झटक्यात जमलं. मी 'पुन्हा एकदा' म्हटलं नाही.

भागाच्या शेवटी कप्तान यंत्रासमोर बसतो. कॅमेऱ्याकडे पाठ, अडतीस सेकंद, मूळ मालिकेत पूर्ण शांतता. तिच्या कागदावर 'पा., मोकळं', आणि खाली चार ओळी लिहिलेल्या.

एकसमानराव उसळले. इथे मूळमध्ये काही नाही, तिथे कोणी बोलायचं नाही, पुस्तकात लिहिलंय. ओठताईने ते नेहमीसारखं भाषांतर करून सांगितलं. पाहुणे कोपऱ्यात बसले होते. ते उठून एकसमानरावांशी दोन वाक्यं बोलले आणि पुन्हा बसले. एकसमानरावांनी पुस्तक चाळलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि शेवटी सही करून टाकली. पाहुणे काय म्हणाले ते मी विचारलं. "म्हणाले, मरण माझं आहे, ते सगळ्यांचं एकसमान कसं असेल?"

मी ओळी वाचल्या. "यानाला कडी कुठली गं?" मी विचारलं.

"असते," ती म्हणाली.

मास्तर काचेपलीकडे गेले आणि सवयीने डब्याकडे वळले. मी आत जाऊन डबा उचलला आणि बाहेर आणून ठेवला. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मग माइकजवळ सरकले आणि अगदी हळू, शेजारी बसल्यासारखे बोलले.

भाग लागला त्या संध्याकाळी मी तिच्याच घरी होतो. आई खुर्चीत, ओठताई खाली भिंतीला टेकून, मी दाराजवळच्या स्टुलावर. दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं. काका मेले. मग कप्तानाची पाठ दिसली आणि आवाज आला.

"पोरा, मी कुठेच गेलो नव्हतो. त्या दारापलीकडेच राहिलो. तू बोलायचास म्हणून मी उत्तर देत होतो. आता मी येत नाही, कडी लावून घे."

यावर पुढे पोतंभर पत्रं आली. ते भूत होतं का, यंत्र होतं का, का सगळं कप्तानाच्या डोक्यातच होतं? मुख्यालयानेही लेखी खुलासा मागवला. आम्ही अजून दिलेला नाही, कारण आमच्यातल्या दोघांचंही त्यावर एकमत नाही. मास्तर म्हणतात भूत. पाहुण्यांनी तिकडून कार्ड पाठवलं, त्यात विचारलंय की माझ्या बटाट्यांचं काय झालं.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी शेवटची नावं पडद्यावरून सरकत होती. ओठताई भिंतीला धरून उठली. मला वाटलं चहा टाकायला चालली. ती माझ्या शेजारून दारापाशी गेली, थोडा वेळ उभी राहिली, आणि तिने कडी लावली. बावन्न वर्षांत पहिल्यांदा, स्वतःच्या हाताने.

आईने बघितलं. "नीट बसली का बघ," ती म्हणाली, "ती जरा घट्ट आहे."

ओठताईने पुन्हा एकदा ओढून बघितली.